आईला टेन्शन देऊ नका, पण आईपासून लपवूही नका

रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर आम्ही बीपीचे मशीन घेऊन बसतो. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी वर्षभर नियमित यायच्या. मध्ये दोन महिने फिरकल्याच नाहीत. विचारले तर म्हणाल्या, “आकडा बघितला की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. त्यापेक्षा बघायलाच नको.” गोळीही बंद केली होती.

बोलत बसल्यावर वेगळेच कळले. डॉक्टरांनी बीपी सांगितल्यापासून घरात त्यांना कोणी काही सांगत नव्हते. मुलाचे काम सुटले, तेही त्यांना महिन्याभराने शेजारणीकडून समजले. “आईला टेन्शन देऊ नका,” असे सगळ्यांनी ठरवलेले. मनात माया होती, पण मावशींना वाटू लागले, आपला आजार मोठा आहे आणि हे लपवताहेत. जरा डोके दुखले की लकवा मारणार, ही धास्ती.

बीपी आणि टेन्शन हे शब्द वस्तीत आपण एकाच अर्थाने वापरतो. मग दोष माणसाच्या स्वभावावर जातो. चिडतो म्हणून वाढले, फार विचार करते म्हणून वाढले! राग-काळजीने आकडा काही वेळ चढतो, हे खरे. पण कायमच्या बीपीमागे वय, घराण्यातला आजार, जास्त मीठ, वजन, दारू अशी बरीच कारणे असतात. शांत माणसालाही बीपी होते. बहुतेकांना तर काहीच जाणवत नाही, म्हणून मोजावे लागते. गोळी चालू असताना आकडा नीट आला, तर बहुधा ती गोळीचीच कमाई असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नये.

भीतीनेही आकडा वर जातो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसावे. हात छातीच्या उंचीवर ठेवावा आणि मिनिटभराने पुन्हा मोजावे. त्या दिवशी मावशींचे आधी 168/96 आले, मग 152/90. जास्तच होते, गोळी पुन्हा सुरू करायला दवाखान्यात जावेच लागले. पण पहिल्या आकड्याने उडालेला चेहरा जरा सावरला.

दोन आठवडे मन उदास, झोप नाही, कशात रस नाही, असे असेल तर तेही बीपीच्या डॉक्टरांना सांगा. खचलेला माणूस गोळी चुकवतो. ‘लोक वेडा म्हणतील’ म्हणून गप्प राहणारे आम्ही फार पाहिले. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येते. मात्र तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, यात वेळ न घालवता 108 लावा.

मावशी आता आकडा कॅलेंडरवर लिहितात. परवा मुलाने घरखर्चाचा हिशेब त्यांच्यासमोर मांडला. मावशींनी त्यात दोन चुका काढल्या.