बांबूचे बेट आणि कार्बनचा हिशेब

बेटाची रचना

बांबू हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत आहे. भात, ऊस आणि ज्वारी ज्या कुळात येतात त्याच कुळात बांबूच्या १,६०० हून अधिक जाती मोडतात. वृक्षाच्या खोडावर दरवर्षी काष्ठाचा नवा थर चढतो आणि ते जाड होत जाते. बांबूच्या काठीत ही व्यवस्थाच नाही. कोंब जमिनीतून ज्या जाडीने वर येतो, तीच काठीची कायमची जाडी. विदर्भातील पानझडी जंगलांत मानवेल, ओढ्या-नाल्यांच्या काठी काटेरी कळक आणि कोकणात माणगा या परिचित जाती. तिन्ही बेटाने वाढतात. जमिनीखालच्या आखूड कंदांना डोळे फुटतात, त्यांतून नवे कंद आणि नव्या काठ्या निघतात. म्हणून एक काठी म्हणजे एक झाड असे मानता येत नाही. जगणारा आणि मरणारा जीव म्हणजे अख्खे बेट.

कोंबाची वाढ कशावर होते

पावसाळ्यात मानवेलीचा कोंब खवल्यांच्या आवरणात गुंडाळलेला बाहेर पडतो आणि त्याच हंगामात जवळपास पूर्ण उंची गाठतो. बांबू वातावरणातील कार्बन झपाट्याने शोषतो, या समजुतीचा उगम बहुधा या दृश्यात आहे. पण वाढत्या कोंबाला पाने नसतात. तो स्वतः प्रकाशसंश्लेषण फारसे करीत नाही. जुन्या काठ्यांच्या पानांनी तयार केलेले आणि कंदात साठवलेले अन्न त्याच्या वाट्याला येते. म्हणजे त्या दोन-तीन महिन्यांतली वाढ बरीचशी बेटातल्या बेटात झालेली हलवाहलव असते. हवेतून नवा कार्बन किती आला हे कळण्यासाठी कोंबाची उंची निरुपयोगी आहे. बेटाच्या एकूण पानोऱ्याचे वर्षभराचे काम पाहावे लागते.

साठा कोठे असतो

बांबूच्या कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. जगभरातील अभ्यासांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, बांबूवनात हेक्टरी कार्बनचा साठा जमिनीवर १६ ते १२८ टन, कंद-मुळांत ८ ते ६४ टन आणि मातीत ७० ते २०० टन आढळतो. कक्षा फार रुंद आहे, कारण जात, पाऊस, माती आणि तोड या सगळ्यांचा परिणाम त्यात मिसळलेला असतो. तरीही साठ्याचा मोठा भाग नजरेआड, जमिनीत असतो ही गोष्ट स्पष्ट होते. नांगरट, धूप किंवा बेट मुळासकट उपटणे हे काठ्या तोडण्यापेक्षा महागात पडते ते यामुळे. पानांतील सिलिकेच्या सूक्ष्म कणांत अडकलेला थोडा कार्बन पाने कुजल्यावरही टिकतो, मात्र त्याचे प्रमाण किती यावर संशोधकांत मतभेद आहेत.

आकडे वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. एकक न पाहता तुलना केली तर बांबू एकदम साडेतीनपट गुणी ठरतो. बांबू वृक्षांपेक्षा ३५ टक्के अधिक प्राणवायू देतो, हे सर्वत्र फिरणारे वाक्यही असेच सैल आहे. निव्वळ प्राणवायू साठलेल्या कार्बनच्या प्रमाणातच मिळतो, आणि काठी कुजली की तो परत खर्च होतो.

तोड आणि साठ्याचा संबंध

काठी सात ते दहा वर्षे जगते. तोडच झाली नाही तर बेटात वाळलेल्या काठ्यांची दाटी होते, नव्या कोंबांना वाट मिळत नाही, आणि जितका कार्बन जमतो तितकाच कुजून किंवा वणव्यात हवेत जातो. सरसकट तोड केली तर उलटे संकट येते: पाने गेली की कंद उपाशी पडतो आणि पुढचे कोंब बारीक निघतात. म्हणून तीन वर्षांवरच्या काठ्या काढायच्या, कोवळ्या राखायच्या आणि पावसाळ्यात कोयता बंद ठेवायचा, हा नियम. वय ओळखण्याची खूण काठीवरच असते. पहिल्या वर्षीची काठी हिरवीगार, पेरांवर पांढरी भुकटी आणि वाळकी खवले चिकटलेली. जून काठी निस्तेज, पिवळट, डागाळलेली. नवे कोंब बेटाच्या कडेने येतात आणि जून काठ्या मध्यभागी राहतात, त्यामुळे एका बाजूने वाट मोकळी करून आत शिरतात. तोडलेले बेट वरून घोड्याच्या नालेसारखे दिसते.

हा नियम पाळण्यात हक्काचाही भाग आहे. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला वृक्षांत गणले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढच्या वर्षीची तोडही आपलीच असेल तर कोवळी काठी राखण्याला अर्थ उरतो.

तोडलेल्या काठीचे पुढे काय होते यावरही हिशेब बदलतो. कागदातला कार्बन थोड्या वर्षांत सुटतो, प्रक्रिया केलेल्या तुळईत किंवा फर्निचरमध्ये तो कैक वर्षे राहतो.

जंगलातील स्थान

भारतात सुमारे दीड कोटी हेक्टरांवर बांबू असल्याचे वन सर्वेक्षण सांगते, पण हे सारे निखळ बांबूवन नव्हे. मध्य भारतात मानवेल बहुधा सागाच्या आणि इतर वृक्षांच्या खाली वाढते. शुद्ध बांबूवनाचे हेक्टरी आकडे या क्षेत्राला लावले तर साठा अवाच्या सवा फुगतो. दाट बेटे गव्या-सांबरांना चारा आणि वाघाला आडोसा देतात. गावांना पावसाळ्यात वास्ते, म्हणजे खाण्याचे कोवळे कोंब, मिळतात; कोंब किती खुडावेत यालाही अर्थातच मर्यादा असते.

फुलोरा

अनेक जाती आयुष्यात एकदाच, मोठ्या प्रदेशात जवळपास एकाच वेळी फुलतात आणि मरतात. १९७६ मध्ये डॅनियल जँझेन यांनी मांडलेले स्पष्टीकरण असे की बी एकदम इतके पडते की खाणारे तृप्त होऊनही काही उरते. मिझोराममध्ये सुमारे ४८ वर्षांनी येणाऱ्या अशा फुलोऱ्यात उंदीर बेसुमार वाढतात आणि बी संपल्यावर शेतांकडे वळतात. १९५९ च्या फुलोऱ्यानंतर तेथे दुष्काळ पडला.

कार्बनच्या दृष्टीने फुलोरा म्हणजे बेटाचा जमिनीवरचा साठा काही वर्षांत मोकळा होणे. वाळलेल्या बेटांना वणवा लागला तर ते एका उन्हाळ्यातही होते. बियांपासून उगवलेल्या रोपांना भरघोस काठ्या देण्यास आठ-दहा वर्षे लागतात. लागवडीच्या प्रकल्पात यातून एक अडचण उद्भवते: कंदापासून किंवा फांद्यांपासून केलेली रोपे मातृबेटाचेच वय घेऊन येतात. लागवड कालची असली, तरी मातृबेट जुने असल्यास ती तीस वर्षांच्या करारातील दहाव्या वर्षीच फुलोऱ्यावर येऊ शकते.