गृहसजावटीतील वारली चित्रकला : सौंदर्य आणि संकेत

प्रस्तावना :
पनवेल तालुक्यातील नेरे परिसरात अलीकडच्या काळात नवी गृहसंकुले उभी राहत आहेत. अशा घरांच्या सजावटीत वारली चित्रांना विशेष मागणी असल्याचे दिसते. मात्र ही चित्रे केवळ नक्षी म्हणून वापरली जात असल्याने त्यांचा मूळ अर्थ हरवण्याचा धोका निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या कलेचे स्वरूप आणि गृहसजावटीतील तिच्या उपयोजनाचा विचार केला आहे.

परंपरा आणि स्वरूप :
वारली ही प्रामुख्याने पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार इत्यादी भागांत राहणारी आदिवासी जमात होय. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपून, त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने बांबूच्या काडीने चित्रे काढली जात. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन हे या चित्रांचे मूलाकार आहेत. टोकाशी जोडलेल्या दोन त्रिकोणांतून मानवी देह साकारतो. लग्नप्रसंगी सवासिनी स्त्रिया 'चौक' काढतात. त्याच्या मध्यभागी पालघट देवीची प्रतिष्ठापना असते. म्हणजेच मुळात हे चित्र म्हणजे शोभा नसून विधी आहे.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही कला भिंतीवरून कागदावर आली. गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी विधीच्या चौकटीबाहेर शेती, मासेमारी, तारपा नृत्य असे दैनंदिन जीवनाचे विषय हाताळले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले.

गृहसजावटीतील उपयोजन :
या कलेचा प्रभाव मोकळ्या अवकाशावर अवलंबून असतो. त्यामुळे सर्व भिंती भरून टाकण्यापेक्षा बैठकीच्या खोलीतील एकच भिंत गेरूच्या रंगाची करून तिच्यावर चित्र रेखाटणे उचित ठरते. तारप्याभोवती फिरणारी नर्तकांची वर्तुळाकार रांग मोठ्या भिंतीस, तर शेतीची दृश्ये पडदे, चादरी व उशांचे अभ्रे यांस शोभतात. तांदळाच्या पिठाचा रंग ओलाव्यात टिकत नाही. माथेरानच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या नेरे परिसरात पाऊस मोठा असल्याने ओल येणाऱ्या भिंतीऐवजी कापडावर काढलेले व चौकटीत बसविलेले चित्र अधिक काळ टिकते.

येथे एक मर्यादा पाळणे आवश्यक आहे. नृत्य, शेती, पशुपक्षी हे विषय सजावटीस मोकळे आहेत. परंतु देवचौक पायपुसणे, चहाचा पेला किंवा जमिनीवरील सतरंजी यांवर छापणे हे त्या समाजाच्या श्रद्धेस धक्का देणारे ठरते. तसेच यंत्रावर छापलेल्या नकलेपेक्षा वारली कलाकाराकडून प्रत्यक्ष करून घेतलेले चित्र त्याच्या श्रमाला मोबदला मिळवून देते. ज्यांच्या भिंतीवरून हे चित्र आले, त्यांच्याच घरात त्याचे मोल पोहोचले नाही, तर भौगोलिक मानांकनाचा हेतू सफल होत नाही.

निष्कर्ष :
वारली चित्राचा गृहसजावटीतील स्वीकार स्वागतार्ह आहे. तथापि विधीचे चित्र आणि जीवनाचे चित्र यांतील भेद ओळखणे, अवकाशाचा संयम राखणे व कलाकारास योग्य मोबदला देणे या तीन गोष्टी पाळल्या, तरच ती सजावट वारशाचे जतन ठरेल. एरवी ती केवळ त्याची उचल ठरेल.