काठ कोणाचा, पाणी कुठवर?

दादर पश्चिमेला रुळांना चिकटून माहीमहून लोअर परळकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन नावं आहेत. पाटीवर सेनापती बापट मार्ग, जुन्या टॅक्सीवाल्याच्या तोंडी तुळशी पाइप रोड. तुळशी म्हणजे बोरिवलीच्या जंगलातला, १८७९ साली बांधून झालेला तलाव. त्याचं पाणी शहरात आणणाऱ्या नळावरून रस्त्याला ते नाव पडलं. बापट म्हणजे पांडुरंग महादेव बापट. मुळशीच्या धरणाखाली मावळातली गावं बुडू नयेत म्हणून १९२१ पासून ते सत्याग्रहात उतरले आणि ‘सेनापती’ ही पदवी त्याच लढ्यात त्यांना चिकटली. म्हणजे एकाच रस्त्याच्या एका नावात पाणी पिणारे आहेत, दुसऱ्यात पाण्याखाली गेलेले.

तलावाकाठी तंबू शोधायला मोबाइल हातात घ्याल तेव्हा हा रस्ता आठवा. शनिवारी निघून रविवारी रात्री गिरगावात किंवा लालबागला परत येता येईल अशा अंतरावर आपण ज्यांना ‘लेक’ म्हणतो ती पवना, भंडारदरा, मुळशी, अप्पर वैतरणा ही सगळी धरणं आहेत. धरण म्हटलं की तीन गोष्टी ओघाने येतात. पाणी चढतं-उतरतं, काठाला कोणीतरी मालक असतो, आणि ते पाणी पुढे कुणाच्या तरी नळाला किंवा शेताला जातं. जागा निवडताना जे जे विचारायचं असतं ते या तिन्हींतूनच निघतं.

आधी महिना, मग जागा

मे महिन्यात आम्ही पाच जण पवनेला गेलो होतो. फोटोत तंबूच्या दारात पाणी होतं. प्रत्यक्षात दारात होती ती भेगाळलेली, करड्या रंगाची जमीन, आणि पाणी लांब कुठेतरी चकाकत होतं. मालकाने फसवलं असं म्हणता येईना, कारण फोटो खरा होता, फक्त दिवाळीच्या सुमाराचा होता.

धरणाचं वर्ष असं चालतं. जूनमध्ये पाणी तळाला असतं. आषाढ-श्रावणात झपाट्याने चढतं आणि चांगल्या पावसाच्या वर्षी गणपतीच्या आसपास धरण भरतं. दिवाळीपर्यंत काठोकाठ राहतं. मग पिण्यासाठी आणि कालव्यांच्या आवर्तनांसाठी सोडलं जातं, तसा काठ मागे मागे सरकतो. पवनेत तर उन्हाळ्यात पाणी इतकं हटतं की एरवी बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं आणि लोक चालत दर्शनाला जातात. म्हणून बुकिंगवाल्याला पहिला प्रश्न हा: ‘आज सकाळचा फोटो पाठवता का?’ ज्याचं मन स्वच्छ असतं तो पाच मिनिटांत पाठवतो.

पाणी आणि थंडी दोन्ही हवं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी सर्वांत बरा. मात्र पाण्याकाठचं दंव मुंबईकराला ठाऊक नसतं. पहाटे तंबूचं कापड बाहेरून चिंब असतं, आणि एकपदरी तंबू असेल तर आपल्याच श्वासाची वाफ आतून ठिबकते. दोनपदरी तंबू आहे का, जमिनीवर अंथरायला काय देता, हे विचारून घ्या. नुसत्या चादरीवर मावळातली डिसेंबरची रात्र निघत नाही.

ऑक्टोबरात पाणी भरपूर असतं, पण परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. मे-जूनच्या वळवाचंही तेच. उघड्या काठावरचा तंबू विजेपासून काहीही राखत नाही. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत जायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते निघण्याआधी उतरवून घ्या.

भर पावसाळ्यात मात्र मोह आवरा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळी मनाई आदेश काढले. असे आदेश पावसाळ्यात निघत राहतात, तेव्हा आगाऊ पैसे भरण्याआधी त्या आठवड्याची बातमी वाचा.

पवना की भंडारदरा

दोन्ही ठिकाणी आधी रेल्वे, मग जीप. पण स्वभाव वेगळे.

पवनेला जायचं तर दादरहून लोणावळा, तिथून दुधिवरे खिंड उतरून धरण. किंवा लोणावळ्याहून पुण्याची लोकल धरून कामशेत आणि पुढे पवनानगर. चारही बाजूंना किल्ले आहेत: लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. जंगल मात्र डोंगरउतारावर, काठ बहुतेक मोकळा. अंतर कमी, रस्ता सोपा, म्हणून गर्दी जास्त आणि शनिवारी रात्री गाणीही जास्त. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर पवना सोयीचं.

भंडारदरा लांब आहे. ट्रेकरांची जुनी वाट म्हणजे मध्यरात्रीची ‘शेवटची कसारा’ पकडायची आणि पहाटे जीप शोधायची. कुटुंबाने दिवसाच्या गाडीने इगतपुरी गाठावी आणि घोटीवरून धरणाजवळच्या शेंडी गावाला जावं. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या मागचा जलाशय कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावं जलाशयाला वळसा घालून बसली आहेत आणि बरेच तंबू गावकऱ्यांच्याच शेतात असतात. झाडी, काळोख, शांतता हवी असेल तर इकडे.

काजवे बघायचे तर मे अखेर ते पाऊस जोर धरेपर्यंतचे दिवस. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते लखलखतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते, आणि गाडीचा दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च ती खूण पुसून टाकतो. त्यामुळे त्या दिवसांत अंगणभर हॅलोजन लावणारी जागा टाळा. तिथून काजवे दिसणारच नाहीत.

सातबारा बघायचा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. धरणाच्या काठाला तीन प्रकारची जमीन असते.

पहिली, पाण्याच्या सर्वोच्च रेषेच्या वरची खाजगी शेतजमीन. तंबूसाठी हीच योग्य. दुसरी, त्या रेषेच्या खालची. ही सरकारने धरणासाठी संपादित केलेली असते. पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या या गाळाच्या जमिनीत पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. ती हंगामापुरती, पिकासाठी दिली जाते. अगदी पाण्याला टेकलेला जो ‘पहिल्या रांगेतला’ तंबू जास्त पैशांत विकला जातो, तो पुष्कळदा अशाच जमिनीवर असतो. कारवाई झाली तर तंबू उठतो. ती नाही झाली तरी गाळ दगा देतो. वरून सुकलेला, आत लोण्यासारखा. गुडघाभर रुतलेला पाय ओढून काढताना चप्पल तिथेच राहते. तिसरी जमीन वन विभागाची. तिथे परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, शेकोटी तर नाहीच.

ओळखायचं कसं? मालकाला गाव आणि गट क्रमांक विचारा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर कोणाचाही सातबारा फुकट पाहता येतो. भोगवटादार म्हणून नाव कोणाचं आहे, ते वाचा. ‘इतर अधिकार’ हा रकानाही वाचा, खरी मेख तिथे असते. भंडारदऱ्याच्या अकोले तालुक्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या खातेदारांच्या जमिनी खूप आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. सातबाऱ्यावर गावकऱ्याचं नाव आणि फोनवर शहरातला कोणी ‘ओनर’ असं दिसलं, तर दोघांचा संबंध काय ते सरळ विचारा.

कायाकिंग, झिपलाइन असले खेळ असतील तर आणखी एक कागद लागतो. साहसी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२१ मध्ये आलं आणि अशा उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक झाली. ‘नोंदणीचा फोटो पाठवा’ म्हटल्यावर समोरचा काय बोलतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

फोनवर काय बोलायचं

दर माणशी असतो आणि त्यात संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे बहुधा धरलेले असतात. ते सगळेच सांगतात. त्यापलीकडचं विचारावं लागतं:

‘दादा, संडास किती लोकांत एक? त्याचा खड्डा पाण्यापासून किती लांब?’
‘दोन तंबूंत अंतर किती?’
‘रात्री जागेवर कोण झोपतं? मालक की कामाला ठेवलेला पोरगा?’
‘जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं? सर्पदंशाची लस असते का तिथे? गाडी जागेवर उभी असते का?’
‘डीजे किती वाजता बंद?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लालबागकराला पाठ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. गणेशोत्सवातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत मिळते ती सवलत तंबूवाल्यांची नव्हे. ‘इथे कोण विचारतंय, रात्रभर चालतं’ असं कौतुकाने सांगणारा माणूस बाकीचे नियमही तसेच पाळत असणार.

पैसे सगळे आधी देऊ नका. थोडी आगाऊ रक्कम, बाकी पोचल्यावर. आगाऊ देण्याआधी त्याच नंबरवर व्हिडिओ कॉल करून जागा दाखवायला सांगा. नकाशावर खूण टाकून दुसऱ्याच्याच तंबूंचे फोटो लावणारे असतात.

पोचल्यावर, उजेडात

चार वाजेपर्यंत पोचा. अंधारात सगळ्या जागा सारख्याच दिसतात. तंबू ठोकलेली जमीन हाताने चाचपा. काठच्या ओल्या मातीत खुंट्या हलत असतील तर रात्रीच्या वाऱ्यात तंबू फडफडत राहील. ओढ्याच्या वाटेत, दगड निसटलेल्या कड्याखाली किंवा वाळक्या फांदीखाली तंबू असेल तर बदलून मागा, लाजू नका.

तंबूची चेन पूर्ण लागते का ते बघा. मण्यारीसारखा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर अंथरुणात झोपलेल्याला चावला तर कळतही नाही. बंद तंबूत तो शिरत नाही, उघड्या चेनमधून शिरतो. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला. चावा झाला तर कापाकापी, आवळपट्टी, मांत्रिक काही नको. १०८ ला फोन करा आणि माणसाला चालू न देता रुग्णालयात न्या.

कोळशाची शेगडी ऊब म्हणून तंबूत घेऊ नका. विझत आलेला कोळसाही कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

आणि पाणी. समुद्रकिनाऱ्याची सवय असलेल्या गिरगावकराला वाटतं, काठ हळूहळू खोल होत जाईल. धरणाचा तळ तसा नसतो. खाली जुनी शेतं आहेत, त्यांचे बांध आहेत, विहिरी आहेत, नदीचं मूळ पात्र आहे. कमरेइतक्या पाण्यातलं पुढचं पाऊल बांधावरून सुटतं आणि पायाखाली काहीच उरत नाही. कायाकमध्ये बसताना जीवरक्षक जाकीट पट्ट्यांसकट घाला, आणि अंधार पडल्यावर किंवा दारू प्यायल्यावर पाण्यात पाय घालू नका.

भांडी धुतलेलं तेलकट पाणी, वेफर्सची पाकिटं, बाटल्या काठावर टाकायच्या नाहीत हे सांगायला लागू नये. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या घरांत जातं. अप्पर वैतरणेकाठी उतरलात तर ते आपल्याच मोरीतल्या नळाला येतं.

निघायच्या आधी मालकाशी दोन घटका बसा. लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेला पुडा शिल्लक असेलच, तो मधे ठेवा आणि विचारा, ‘काका, तुमचं जुनं गाव कुठे होतं?’ हा प्रश्न मी हल्ली पैसे देण्याआधी, फोनवरच विचारतो. शहरातून येऊन जागा भाड्याने घेतलेला माणूस गडबडतो. इथलाच असेल तर सांगतो: त्या टेकडीच्या पायथ्याशी घर होतं, तिकडे विहीर, अलीकडे आमची खाचरं, तिथे पोरांना उतरू देऊ नका. पाण्याखालचा नकाशा ज्याला तोंडपाठ आहे, त्याच्या बांधावर तंबू टाकावा.