सहस्रकुंडाच्या काठावर

आम्हा सेलूकरांची पाण्याची सहल म्हणजे बोरधरण. तिथलं पाणी कसं निवांत पसरलेलं! धबधबा पाहायचा तर पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाला जावं. एका काठाला यवतमाळ, दुसऱ्या काठाला नांदेड जिल्हा आणि मधे काळ्या खडकावरून कोसळणाऱ्या धारा. बँकेत जन्मभर आकडे जुळवले, पण या धारा मोजण्याचा नाद लगेच सोडला. नातवाचा हात मात्र सोडला नाही.

"आजोबा, सगळे तर उतरले ना खाली!"

उतरले होते खरे, फोटोसाठी. पण वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. इथे लख्ख ऊन असलं तरी तिकडे दरवाजे उघडले की पाणी चढतं आणि मघाचा कोरडा खडक पाण्याखाली जातो. नातू रुसला. आम्ही काठावरूनच पाहिलं. तुषार तिथवर आले; दोनदा चष्मा पुसावा लागला.