जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर : केव्हा व कसा बदलावा?

रब्बी ज्वारीच्या पेरणीस वाफसा आलेला असतो, बियाणे तयार असते आणि नेमक्या त्याच वेळी ट्रॅक्टर दगा देतो. इंजिन सुरू होते, रिकामे चालतेही. परंतु अवजार जमिनीत उतरताच त्याचा आवाज पडतो व थोड्याच वेळात ते बंद होते. पंप किंवा नोझल बिघडले असावे, असे समजून पुष्कळ शेतकरी तो भाग खोलण्यास लावतात. वाफशाचे मोजके दिवस त्यात निघून जातात. वास्तविक अशा वेळी प्रथम डिझेल फिल्टर पाहावयास हवा. तो बदलण्याचे काम शेतकऱ्यास स्वतः करता येण्यासारखे आहे. मात्र ते स्वच्छतेने व क्रमवार झाले पाहिजे.

फिल्टरचे महत्त्व

टाकीतील डिझेल फीड पंपाने ओढले जाते, फिल्टरमधून गाळले जाते व इंजेक्शन पंपात जाऊन तेथून मोठ्या दाबाने नोझलकडे पाठविले जाते. इंजेक्शन पंपातील दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट अवघी काही मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून या फटीची कल्पना येईल. डोळ्यांस न दिसणारा धुळीचा कणही तेथे ओरखडे पाडतो. शिवाय या भागांना वंगण डिझेलचेच मिळते. त्यात पाणी आल्यास ते गंजतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुंबलेला फिल्टर इंजिन बंद पाडतो, परंतु पंप वाचवितो. निष्काळजीपणे बदललेला फिल्टर इंजिन चालू देतो, परंतु पंप खराब करतो. सबब, फिल्टर बदलताना आत माती जाऊ न देणे हेच या कामातील मुख्य कौशल्य होय.

केव्हा बदलावा?

ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले तास प्रमाण मानावेत. पुस्तिका हरवली असल्यास सर्वसाधारणपणे 400 ते 500 तासांच्या कामानंतर फिल्टर बदलावा. जुन्या ट्रॅक्टरचा तास दाखविणारा मीटर पुष्कळदा बंद असतो. अशा वेळी रोजच्या कामाचे तास वहीत लिहून बेरीज ठेवावी. ओझ्याखाली शक्ती कमी पडणे, इंजिन अडखळत चालणे व सुरू होण्यास वेळ लागणे ही फिल्टर तुंबल्याची लक्षणे आहेत.

पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांवर दोन वाट्यांचा फिल्टर असतो. पहिल्या वाटीत जाड घाण अडते, तर दुसऱ्या वाटीत बारीक कण अडतात. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसल्यास दोन्ही फिल्टर एकाच वेळी बदलू नयेत. पहिला बदलताना चुकून घाण आत गेली, तरी दुसरा तिला अडवितो.

फिल्टर बदलण्याची कृती

1. वारा व धूळ नसलेल्या जागी ट्रॅक्टर उभा करावा. ब्रेक लावून इंजिन बंद करावे व थंड होऊ द्यावे. जवळ विडी, दिवा किंवा शेगडी नसावी.

2. फिल्टरचे डोके, वाट्या व नळ्यांचे जोड ब्रश आणि डिझेलने बाहेरून धुऊन घ्यावेत. बाहेरची माती निघाल्याखेरीज एकही नट सैल करू नये.

3. टाकीचा कॉक बंद करावा. वाटीच्या तळाचा स्क्रू काढून आतील डिझेल डब्यात घ्यावे व निरखून पाहावे. तळाशी पाणी किंवा काळा गाळ दिसल्यास टाकीही साफ करावयास हवी.

4. वाटी खालून धरून मधला बोल्ट सोडवावा. स्प्रिंग, वायसर व रबरी रिंगा कोणत्या क्रमाने निघाल्या, ते लक्षात ठेवावे. जुनी रिंग पुष्कळदा डोक्यास चिकटून राहते; ती काढल्याशिवाय नवी बसवू नये.

5. वाटी स्वच्छ डिझेलने धुवावी. चिंधीने पुसू नये, कारण तिचे धागे आत राहतात.

6. नवा फिल्टर योग्य नंबरचा आहे याची खात्री करावी व बसवितेवेळीच त्याचे वेष्टण काढावे. त्याच्या मधल्या छिद्रात वरून डिझेल ओतू नये; ते न गाळताच पुढे जाते. नव्या रिंगा डिझेलने ओल्या करून सरळ बसवाव्यात व बोल्ट बेताने आवळावा. अति आवळल्यास आटे जातात.

एअर काढणे

फिल्टर उघडला की नळ्यांत हवा शिरते व ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. हवा नेहमी टाकीकडून नोझलकडे या क्रमाने काढावी. कॉक उघडून पहिल्या वाटीवरील एअर स्क्रू सैल करावा व फीड पंपाचा हातदांडा चालवावा. प्रथम फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबून सलग धार लागली, की धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. दुसऱ्या वाटीचे व नंतर इंजेक्शन पंपाचे असेच करावे. पंपावर दोन स्क्रू असल्यास आधी खालचा व मग वरचा घ्यावा. हातदांडा हलका लागून डिझेल येत नसल्यास इंजिन थोडे फिरवून पुन्हा प्रयत्न करावा.

एवढ्याने इंजिन सुरू न झाल्यास गिअर न्यूट्रल असल्याची खात्री करावी. नोझलकडील नळ्यांचे नट एक फेरा सैल करून स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवावा व डिझेल येताच नट आवळावेत. त्या वेळी हात व तोंड दूर ठेवावे. नोझलची धार कातडीतून आत शिरते. अशी इजा बाहेरून लहान दिसली, तरी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

इंजिन दहा मिनिटे चालवून गळती पाहावी. टाकी व फीड पंप यांमधील जोड सैल असल्यास तेथे डिझेल गळेलच असे नाही, परंतु हवा आत ओढली जाते. पुन्हा पुन्हा एअर धरत असल्यास हा जोड प्रथम तपासावा.

टाळावयाच्या चुका

कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये. धुताना कागद फाटतो व घाण पुढे जाते. ‘आजचा दिवस निघू दे’ म्हणून फिल्टर काढून ट्रॅक्टर चालविणे म्हणजे पंपाची हानी ओढवून घेणे होय. फडक्याने गाळलेले डिझेल स्वच्छ समजू नये. फडक्यातून बारीक धूळ सहज जाते.

डिझेलचे पिंप भरल्यानंतर निदान एक दिवस न हलविता ठेवावे व उपसण्याच्या नळीचे टोक तळापासून 7 ते 8 सेंटिमीटर वर ठेवावे, म्हणजे गाळ व पाणी तळाशीच राहील. ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळी काम संपताच भरावी. टाकी रिकामी राहिल्यास रात्रीच्या गारव्याने आतील हवेतील बाष्पाचे पाणी होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी एखाद्या ट्रॅक्टरवर ही कृती प्रत्यक्ष करून दाखवावी व एअर काढण्याचे काम शेतकऱ्यांच्या हातून करवून घ्यावे. फिल्टरला लागणारा पैसा पंपाच्या दुरुस्तीपुढे क्षुल्लक आहे, आणि वाफशाचा गेलेला दिवस तर कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.