चिहिरोची चित्रे आणि तोत्तोचानचे नाव

चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे तेत्सुको कुरोयानागी यांची ‘तोत्तोचान’ मराठी वाचकाला परकी राहिलेली नाही. तिची चर्चा मात्र बहुधा शिक्षणशास्त्राच्या अंगाने होते. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आणि तिचे मुख्याध्यापक कोबायाशी यांच्यापाशी ती थांबते. पुस्तकातील चित्रांकडे सहसा कोणी वळत नाही. भाषेच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी गोष्ट मात्र तेथेच आहे. ती चित्रे तोत्तोचानची नाहीत. मूळ जपानी पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि चित्रकर्त्री चिहिरो इवासाकी १९७४ मध्येच निवर्तली होती.

चिहिरोचा जन्म १९१८ मधला, फुकुई प्रांतातील ताकेफू गावचा; बालपण गेले तोक्योत. मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात तिचे घर जळाले. कोबायाशींची शाळाही त्याच वर्षीच्या बाँबवर्षावात भस्मसात झाली. व्यवसाय म्हणून बालचित्रांकडे ती वळली ती अँडरसनच्या एका कथेवर केलेल्या ‘कामिशिबाई’मुळे; तिला १९५० मध्ये शासकीय पारितोषिक मिळाले. कामिशिबाई म्हणजे चित्रांचे तक्ते एकामागून एक सरकवीत तोंडाने गोष्ट सांगण्याचा प्रकार. पिंगुळीची चित्रकथी ज्याला ठाऊक आहे त्याला तो वेगळा समजावून सांगावयास नको. दोहोंतही चित्र मुके असते आणि त्याला बोलते करणारा शेजारी उभा असतो.

पुढे चिहिरोने चित्रे व शब्द दोन्ही स्वतःच्या हाती घेतले. १९६८ च्या तिच्या एका चित्रपुस्तकात पावसाच्या दिवशी घरी एकटीच राहिलेली मुलगी आईची वाट पाहते, एवढाच विषय आहे. मजकूर अत्यल्प. ओल्या कागदावर पसरलेला रंग आणि मुद्दाम कोरा सोडलेला भाग यांतून मुलीची धास्ती कळते. पनवेलसारख्या कोकणाच्या उंबरठ्यावरील शहरात, जेथे पाऊस चार महिने दाराशी बसलेला असतो, तेथील वाचकाला अशा पानावर टीप द्यावी लागणार नाही. तिची मुले डोळ्यांवरून ओळखू येतात: पांढऱ्या बुबुळाचा पत्ता नाही, केवळ काळा ठिपका. असे असूनही दहा महिन्यांचे मूल आणि वर्षाचे मूल यांतील फरक ती रेषेने दाखवू शकत असे, ही तिची ख्याती होती.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. चित्र जातिवाचक अर्थ सहज दाखविते: मुलगी, टोपी, पाऊस. विशेषनाम दाखविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ‘ही मुलगी’ इतकेच ते सांगू शकते; ‘ही तोत्तोचान’ हे सांगावयास शब्दच लागतो. चिहिरोच्या मुलींना बहुधा नाव नसे, म्हणूनच त्या दुसऱ्याच्या कथेत प्रवेश करू शकल्या. कुरोयानागींच्या आठवणी प्रथम १९७९-८० मध्ये एका मासिकातून क्रमशः येत होत्या, आणि चिहिरोच्या मागे राहिलेल्या चित्रांतून त्या त्या प्रकरणाला साजेशी चित्रे निवडली जात होती. चित्र आधीचे, कथा नंतरची. वाचक मात्र क्रम उलटा करून वाचतो. चित्रकर्त्रीने तोत्तोचानला पाहूनच कुंचला उचलला असावा, असे त्याला वाटते. ही निव्वळ दिशाभूल म्हणावी का? तसे म्हणता येणार नाही. नाव चित्रावर ठेवले जाताच संदर्भ निश्चित होतो, आणि मग चेहरा त्या नावाला चिकटून बसतो.

नावाचीही गंमत पाहण्यासारखी आहे. मुलीचे नाव तेत्सुको. मंडळी तिला ‘तेत्सुको-चान’ म्हणत. ‘चान’ हा लाडाचा प्रत्यय. मुलीच्या कानाने ते ‘तोत्तोचान’ असे धरले, आणि ‘चान’ हा आपल्या नावाचाच अंश आहे अशी तिची समजूत झाली. कोणी कौतुकाने ‘सुमीबाई’ म्हणावे आणि नाव विचारल्यावर पोरीने तेच पूर्ण सांगावे, तसा हा प्रकार आहे. मराठी आवृत्तीत ‘चान’ तसाच राहिला. ‘तोत्तोबाई’ किंवा ‘तोत्तोताई’ करण्याचा मोह टाळला, हे योग्यच झाले. कारण जपानी न जाणणारा मराठी वाचक ‘तोत्तोचान’ हे अखंड विशेषनाम मानतो, म्हणजे त्या मुलीने केलेली चूक तिच्याइतक्याच भाबडेपणाने पुन्हा करतो. भाषांतराला असा लाभ क्वचितच घडतो.

राहिला प्रश्न निवडीचा. निवडावयास चित्रे उरली कशी? छपाई झाल्यावर मूळ चित्र प्रकाशकाकडेच राहावे, आणि चित्रकाराचा हक्क मोबदल्याबरोबर संपावा, ही रीत त्या काळी सर्रास होती. चिहिरोने तिला विरोध केला. मूळ चित्रे परत मिळावीत आणि चित्रकाराचा स्वामित्वहक्क मान्य व्हावा, यासाठी ती आग्रह धरीत राहिली. आपले नावही ती चित्रलिपीत न लिहिता, जपानी मूल प्रथम जी शिकते त्या हिरागाना लिपीत लिहीत असे. परत आलेल्या चित्रांसाठी तोक्योतील तिच्या राहत्या घराच्या जागी १९७७ मध्ये संग्रहालय उघडले. तिची नऊ हजारांहून अधिक चित्रे जतन झाली आहेत. दोन वर्षांनी तोत्तोचानसाठी चेहरा शोधला गेला, तो याच चित्रांत.