पकड सोडवणारी एन्झाइम्स

इमॅटिनिब, गेफिटिनिब, लॅपॅटिनिब... कर्करोगाच्या या गोळ्यांची नावं ‘निब’नेच का संपतात, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तर सोपं आहे. ही औषधं कायनेज नावाच्या एन्झाइमांना आवर घालतात आणि औषधांची नावं ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत अशा औषधांना हे शेपूट लावतात. कायनेज प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, त्याने प्रथिनाचं वागणं बदलतं आणि पेशीच्या आत निरोप पुढे सरकतो. मला मात्र या प्रश्नाच्या पोटातला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो: चढवलेलं फॉस्फेट उतरवतं कोण?

ते काम फॉस्फटेज एन्झाइमांचं. ‘कायनेज चालू करतं, फॉस्फटेज बंद करतं’ एवढ्या एका ओळीत त्यांची बोळवण होते. ही उपेक्षा जुनी आहे.

साल 1943. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गर्टी कोरी आणि आर्डा ग्रीन स्नायूंतल्या फॉस्फोरिलेज या एन्झाइमचा अभ्यास करत होत्या. प्रथिनं शुद्ध करून त्यांचे स्फटिक मिळवण्यात ग्रीनबाईंचा हात विलक्षण बसलेला. फॉस्फोरिलेजचं एक रूप कामसू, दुसरं सुस्त; कामसूचं सुस्त करणारं एन्झाइमही त्यांना सापडलं. ते ॲडेनिलिक आम्लाचा गट काढून टाकत असावं, अशा समजुतीने त्याला ‘पीआर’ नाव मिळालं. प्रत्यक्षात ते फॉस्फेट उतरवत होतं, हे उमगायला 1955 उजाडलं.

त्याच वर्षी सिएटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी याच फॉस्फोरिलेजवर फॉस्फेट चढवलं जातं हे दाखवलं. त्यांची हकिगत मला फार आवडते. जुन्या कृतीत स्नायूंचा अर्क फिल्टर पेपरमधून गाळायचा असे. यांनी गाळण्याऐवजी तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला आणि कामसू फॉस्फोरिलेज मिळेनासंच झालं! कागदातून अर्कात उतरणारं कॅल्शियमच आजवर कायनेजला जागं करत होतं. या शोधाला 1992 साली नोबेल मिळालं, ते योग्यच. पण फॉस्फेट उतरवणारं एन्झाइम त्या शोधाआधी बारा वर्षं प्रयोगशाळेत येऊन बसलं होतं. सेरोटोनिन वेगळं करणाऱ्यांत आणि काजव्याचं ल्युसिफरेज शुद्ध करणाऱ्यांतही आर्डा ग्रीन होत्या. तरीही किती विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक आहे?

‘बंद करणं’ म्हणजे नुसतं थांबवणं नव्हे, हे कळायला कोकणातला पाडेली बघावा. माडावर चढताना तो पायांची पकड घट्ट करतो, मग हात सोडून वर सरकवतो, पुन्हा हातांनी धरून पाय सोडतो. पकड न सोडणारा पाडेली जिथल्या तिथे राहील. आपल्या पेशीही अशाच सरकतात. पुढच्या बाजूला नवी पकड, मागच्या बाजूला जुनी सोडायची. या पकडीच्या जागी जमलेल्या प्रथिनांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढतं आणि वेळेवर उतरतं. पीटीपी-पेस्ट नावाचं फॉस्फटेज नसलेल्या उंदरांच्या पेशी पाहिल्या, तेव्हा पकडीच्या जागा वाढलेल्या आणि हालचाल मंदावलेली आढळली. सोडवणारं एन्झाइमच नसेल तर पेशीचा पाय उचलत नाही. जखम भरताना पेशींना सरकावं लागतं, जंतूमागे पांढऱ्या पेशींना धावावं लागतं. त्या प्रत्येक पावलात सोडण्याचं काम आहे.

आणि सगळी पकड एकदम सुटली तर? त्याचं उत्तर प्लेगच्या जंतूपाशी आहे. 1896 साली मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्या काळी जंतू दिसला होता, त्याचं हत्यार दिसलं नव्हतं. 1990 साली कुन-लियांग ग्वान आणि जॅक डिक्सन यांनी दाखवलं की प्लेगचा जंतू ज्यातला, त्या येर्सिनिया कुळातल्या जंतूंचं ‘योप-एच’ हे प्रथिन चक्क टायरोसिन फॉस्फटेज आहे, आणि तोवर माहीत असलेल्या कुठल्याही भावंडापेक्षा तडाखेबंद. जंतू सुईसारख्या नळीतून ते थेट आपल्या भक्षक पेशीत टोचतो. तिथे ते पकडीच्या प्रथिनांवरची फॉस्फेटं भराभर उतरवतं. त्यांतलं पी130कॅस हे तर पीटीपी-पेस्टचंही लक्ष्य आहे. भक्षक पेशीचे हातपाय ढिले पडतात आणि जंतूला गिळणं तिला जमत नाही. पेशीला चालतं ठेवणारी क्रिया जंतूने अवेळी आणि अमाप करून तिलाच लुळं केलं.

मग फॉस्फटेजवर औषधं का दिसत नाहीत? एक तर आहेतच: मूत्रपिंड बदललेले रुग्ण घेतात त्या सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस या औषधांचा मारा कॅल्सिन्युरिन या फॉस्फटेजवरच असतो. टायरोसिन फॉस्फटेजांचं कोडं मात्र अवघड आहे. त्यांच्या कामाच्या खोबणी एकमेकींसारख्या, आणि खोबणीत चपखल बसणाऱ्या रेणूवर ऋणभार असल्याने तो पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरत नाही. म्हणून ‘क्रांतिकारी फॉस्फटेज औषध’ अशी बातमी वाचाल, तेव्हा खोबण आणि पडदा हे दोन अडथळे त्या औषधाने कसे ओलांडले, ते आधी शोधा.

विज्ञान शिकवणाऱ्यांना एक विनंती. फळ्यावर कायनेजचा बाण काढलात की परतीचा बाणही तेवढाच ठळक काढा, आणि त्याच्याशेजारी लिहा: आर्डा ग्रीन, 1943.